स्लॅबला पाणी मारणं

स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाणी लागतं. एवढं कळायला फार शाळा लागत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, मला कळतं. माझा मुलगा बारावी झाला, युनियनचा सेक्रेटरी झाला, त्याला कळलं नाही. मिस्त्रीला कळत होतं, पण सुट्टी मिळत असताना कोण कशाला आठवण काढेल? आणि या दोघांच्या मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा स्लॅब उन्हात पडला. ही गोष्ट मागच्या एक मेची. अजून आठवली की माझं डोकं तापतं, म्हणून लिहून काढते.

बहीण आमच्या माहेरच्याच गावात दिली. वसईच्या खाडीकाठचं गाव, भातशेतीचं. आता अर्ध्या शेतात बिल्डिंगा आहेत. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं कौलारू घर, वासे वाळवीने खाल्लेले. कौलांवर चढायला आता माणूस मिळत नाही आणि मिळाला तर तो दहा कौलं बसवताना वीस फोडतो. म्हणून तिने ठरवलं, कौलं उतरवायची आणि स्लॅब टाकायचा. कशी जमवाजमव केली ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. दुसऱ्यांदा टाकता येणार नव्हता, एवढं आम्हा दोघींनाही माहीत होतं. गळला तर मरेपर्यंत त्याच्याचखाली बसायचं होतं.

मिस्त्री माझ्या मुलाने लावून दिला. मुलगा वसई पूर्वेच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्यांच्या युनियनने या वर्षी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याबिगाऱ्यांनाही सभासद करून घ्यायचं ठरवलं होतं. हा मिस्त्री त्यातलाच, देशावरचा, हाताने चांगला. एक मेला विरारला हॉल घेऊन मोठा कार्यक्रम होता आणि मिस्त्रीने त्याची सगळी माणसं घेऊन यायची होती. त्यामुळे स्लॅब तीस एप्रिललाच टाकून मोकळं व्हायचं, असं माझ्या मुलाने आणि मिस्त्रीने परस्पर ठरवलं. बहिणीला फक्त कळवलं.

मला कोणाच्या सुट्टीचं वाईट वाटत नाही. मी स्वतः घमेली वाहिली आहेत. विरारच्या फुलपाड्याला शेतं होती तेव्हापासून मी बांधकामं बघते आहे. आज आम्ही मनवेलपाड्याला राहतो, तिथेही मागच्या दोन बिल्डिंगांची खडी माझ्या डोक्यावरून वर गेलेली आहे. सकाळी आठला उभं राहायचं आणि मुकादमाचं मन भरेपर्यंत काम करायचं. तास कोण मोजतो? एखाद्याने तास मोजायला सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

आमची सुट्टी म्हणजे अमावास्या. गवंडी अमावास्येला थापी हातात धरत नसत. कोणी शिकवलं, कुठून आलं, माहीत नाही. मुकादम कितीही ओरडला तरी त्या दिवशी भिंत एका विटेनेही वर जायची नाही. गवंडी बसला की बिगारी बसला, सुतार बसला. सगळे कपडे धुवायचे, डोक्याला तेल लावायचे, दुपारी झोपायचे. महिन्यातून एक दिवस त्यांचा होता, आणि तो देताना मालकाने भाषण केलं नव्हतं.

पण माझी अमावास्या लवकरच गेली. एकदा परांचीवरून पडले, म्हणजे सामान चढवायच्या फळ्यांवरून, आणि कंबर धरली. मग मुकादमाने मला पाणी मारायला लावलं. हलकं काम म्हणून. पोटुशी बाई, म्हातारी बाई, कंबर गेलेली बाई, सगळ्यांना पाण्यावर टाकायचे. स्लॅबच्या दिवशी सगळीकडे गडबड असते. मिक्सरला नारळ फुटतो, माणसं रांगेत घमेली फेकतात, संध्याकाळी सगळ्यांना मटण-भात. दुसऱ्या दिवशी सगळे अंग धरून घरी आणि स्लॅबवर एकटी मी. वर छोटे छोटे बांध घालून वाफे करायचे, त्यात पाणी भरून ठेवायचं, आटलं की पुन्हा भरायचं, चौदा दिवस. अमावास्या असो, दिवाळी असो. सिमेंट आतल्या आत तापत असतं. त्याला वरून पाणी मिळालं नाही तर ते तडकतं, मग मिस्त्री कितीही हुशार असू दे. हे मला मुकादमाने नाही सांगितलं. मी बघून शिकले.

सकाळी मुकादम हाका मारायचा: गवंडी किती, सुतार किती, सळई बांधणारे किती, बिगारी किती. पाणीवाली त्या हाकेत कधी आली नाही. त्याच्या हिशोबी पाणी मारणं म्हणजे बसून खाणं.

असो. तीस तारखेच्या संध्याकाळी मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दुसऱ्या दिवसाचं भाषण पाठ करत होता. सून नोकरीवरून यायची होती, मी भाजी निवडत होते, म्हणजे ऐकायला मीच. त्याने सांगितलं ते असं की फार पूर्वी अमेरिकेत कारखान्यांतून दहा-दहा, चौदा-चौदा तास काम करून घ्यायचे. तिथले कामगार एक मेपासून संपावर गेले. म्हणाले, दिवसाला आठच तास काम करू. गोळ्या चालल्या, माणसं मेली, पुढाऱ्यांना फाशी दिली. मग सगळ्या जगातल्या कामगारांनी तो दिवस आपला मानला. सांगताना त्याचा आवाज चढला होता आणि खरं सांगायचं तर मला ते पटत होतं. आठ तास बरोबरच आहेत. मी बारा केलेत, म्हणून सांगते.

मी विचारलं, "कसलं काम करायचे ते लोक?"

"कारखान्यात गं. यंत्रं बनवायचे."

"म्हणजे खटका बंद केला की काम बंद."

"हो."

"आणि त्यांच्या गाईंचं दूध कोण काढायचं?"

तो थांबला. "आई, भाषणात गाई कुठून आणल्यास?"

"भाषणात नाही आणल्या. विचारते आहे."

"तुझं काहीतरीच असतं," म्हणाला आणि परत पहिल्यापासून सुरू झाला.

आमच्या वेळेला एक मे म्हणजे वेगळंच होतं. मी चौथीत असताना महाराष्ट्र झाला. मास्तरांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं, झेंडा लावला आणि हातावर साखर ठेवली. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी माझी शाळा बंद केली आणि बांध घालायला शेतावर नेलं. एकाच दिवसाला महाराष्ट्रही आणि कामगारही, हे मला पुढे पन्नाशीनंतर कळलं. तोपर्यंत या दिवशी मी कधी घरी असायची नाही.

एक तारखेला सकाळी आठ वाजता बहिणीचा फोन आला.

"ताय, कोनीच आला नाय गो."

"मिस्त्री?"

"नाय. बोललेला सकाली येतो नि बांध घालतो. फोन लावते तं उचलत नाय."

"वर जाऊन बघितलंस का?"

"शिडी हाय, पन माझा गुडघा... अर्ध्यावं गेले. पांढरा पडाय लागलाय गो."

"सुकतोय तो. पानी लागतंय त्याला. बघते मी काय ते."

मी लगेच मुलाला फोन लावला. तो सातलाच हॉलवर गेला होता. मागे माइकवर कोणीतरी "हॅलो हॅलो" करत होतं.

"अगं आई, आज एक मे! आज कामगाराने कामाला हात लावायचा नाही. तोच तर मुद्दा आहे."

"मग पाणी?"

"कसलं पाणी?"

"मावशीच्या स्लॅबचं."

"हां, ते. मावशी घरीच असते ना? मारेल की. त्यात काय काम आहे?"

मी फोन ठेवला. आणखी बोलले असते तर त्या माइकवर ऐकू गेलं असतं.

सुनेलाही सुट्टी होती. ती म्हणाली, "आई, उन्हाचं जाऊ नका, मी रिक्षा करून देते." मी म्हटलं, रिक्षा मला करता येते. पिशवीत एक जुनी साडी टाकली आणि निघाले. वाटेत दोन ठिकाणी झेंडावंदन चाललं होतं. चौकाचौकात शुभेच्छांचे फलक होते, फलकांवर हात जोडलेली माणसं. रिक्षा सिग्नलला उभी राहिली तेव्हा मी ते हात नीट बघितले. एकाच्याही तळहाताला घट्टा असेल असं वाटलं नाही. रिक्षावाल्याने विचारलं, "आज कुठे सुट्टीची फिरायला?" मी म्हटलं, तू का नाही गेलास फिरायला? त्याने सिग्नल सुटायच्या आधीच रिक्षा पुढे काढली.

पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. बहीण दारात भिजलेल्या पदराने उभी, तोंड लाल, हातात बादली. मला बघून तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. म्हणाली, "झाला गो ताय. मी मारलं पानी. बसत बसत चढले, सात हंडे वर नेले."

मला तिच्या गुडघ्याची कीव आली, पण एक मिनिटच. कारण नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि ते कालच येऊन स्लॅबमध्ये गेलं, हे मला माहीत होतं. तिच्या घरात पिण्याचा एक पिंप सोडला तर गोडं पाणी नव्हतं.

"कुठलं मारलंस?"

"इहिरीचं."

"कुठच्या इहिरीचं?"

"शेतावरच्या. दुसरी कुठं हाय?"

मी शिडीला हात लावला. पंच्याहत्तरी झाली आहे माझी, पण शिडी चढायला वय लागत नाही, सवय लागते. वर गेले. एका कोपऱ्यात खळग्यात थोडं पाणी अजून साठलेलं होतं. बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

खारट.

शेतावरची ती विहीर खाडीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात तिचं पाणी प्यायला चालतं, होळीनंतर गुरंही तोंड लावत नाहीत. आमच्या गावातल्या शेंबड्या पोराला हे माहीत आहे. आणि खारं पाणी स्लॅबला मारलं तर ते आत झिरपतं, सळई गंजते, फुगते, आणि काही वर्षांनी खालून पोपडे पडायला लागतात. खाडीजवळच्या एका साइटवर ठेकेदाराने बोअरच्या खाऱ्या पाण्यात सगळं काम केलं होतं, ती बिल्डिंग मी पुढे पाहिली आहे. खालून बघितलं तर सळ्या माशाच्या काट्यासारख्या दिसत होत्या.

मी वरूनच ओरडले, "अक्कल कुठं ठेवलीस गो? खारं पानी सिमेंटला?"

ती खाली उभी राहून वर बघत होती. "मंग काय करू? तू बोललीस, पानी लागतंय. कोरडा ठेवू?"

"कोरडा बरा होता!"

"तवा फोनवर बोललीस का तू, गोडंच पायजे म्हनून?"

नव्हते बोलले. ते माझं चुकलं. पण त्या वेळेला मी ते कबूल केलं नाही. उन्हात उभं राहून चूक कबूल करायचा माझा स्वभाव नाही. मी स्लॅबवर फिरले. पुढच्या खोलीवर ठीक होतं. मागच्या खोलीवर, जिथे चूल, म्हणजे आता गॅस आहे, तिथे केसाएवढ्या तीन रेघा पडल्या होत्या. एक हातभर लांब. नुसत्या वरवरच्या होत्या की आत गेलेल्या, ते माझ्या डोळ्यांना कळेना.

आता आधी खारं पाणी धुऊन काढायला हवं होतं, मग वाफे करून गोडं पाणी भरायला हवं होतं. गोडं पाणी आणायचं कुठून?

शेजारचं घर पक्कं आहे, वर मोठी काळी टाकी. ओट्यावर त्या घरचा माणूस बनियनवर बसून मोबाइल बघत होता. कंपनीत आहे तो, त्याला सुट्टी. आमच्या दोघींचं ओरडणं त्याने सगळं ऐकलेलं असणार, पण मान वर केली नव्हती.

"अरे, तुझ्या टाकीत पानी हाय का?"

"हाय थोडं, काकी. पन उद्या पानी येल का नाय, माहीत नाय. आज सुट्टी हाय ना सगल्यांना."

"पान्याला पन?"

"पान्याला नाय, पानी सोडनाऱ्याला."

"आनि तुला?"

"मना पन." हसला. "वर्षात एकदा मिलते, काकी. बसू दे की."

तेवढ्यात त्याची बायको आतून बाहेर आली. हाताला पीठ, कपाळावर घाम. आज सगळे घरी म्हणून सकाळपासून वडे तळत होती. तिने एकदा आमच्या घराकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"पाइप कुठं ठेवलाय तुमी?"

"अगो, पन आपल्याला..."

"आंघोल करून झाली ना तुमची? दोन बादल्या वतून घेतल्यात डोक्याव. तवा नाय आठवलं उद्याचं पानी?" ती माझ्याकडे वळली. "काकी, भिंतीवरून पाइप टाकते. घ्या वर. टाकी खाली झाली तं झाली. आनि यांना घेऊन जावा सोबत, बसून बसून जड झालेत."

तो उठला. मोबाइल खिशात ठेवला, तेवढंच काम त्याने स्वखुशीने केलं. पुढचं सगळं बायकोच्या नजरेखाली.

पाइप लावून आम्ही स्लॅब धुतला. मी वर पाणी सोडत होते आणि तो झाडूने लोटत होता. खारं पाणी कडेने खाली पडत होतं आणि बहीण अंगणात उभी राहून ते बघत होती. सात हंडे.

मग वाफे. मिस्त्री असता तर त्याने सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे बारीक बांध घातले असते. सिमेंटची एक फोडलेली गोणी पडलेली होती, पण ती मिस्त्रीच्या मापाची, आणि उद्या कशाला लागेल सांगता येत नाही. मी शेजाऱ्याला म्हटलं, शेतातली चिकण माती आण. त्याने विचारलं, किती? म्हटलं, सांगते, आण तर. त्याने पंधरा घमेली आणली. पाचव्या घमेल्याला त्याने बनियन काढलं. दहाव्याला म्हणाला, "काकी, कंपनीत एवढं करत नाय मी."

"मग कंपनीला सांगू नकोस."

बांध मला घालता येतात. चौथीनंतर तेच तर शिकवलं मला. माती मळायची, मुठीने दाबायची, वरून ओल्या हाताने सारवायची, कुठे भोक राहू द्यायचं नाही. शेतात बांध फुटला तर शेजारच्याच्या शेतात पाणी जातं आणि भांडण होतं, म्हणून आमच्या लोकांना बांध घालण्यात कोणी हरवत नाही. मी बसून बसून सरकत स्लॅबचे नऊ वाफे केले. वर ऊन, खालून सिमेंटची गरमी, बूड भाजत होतं. बहीण शिडीवर अर्ध्यापर्यंत येऊन मला मातीचे गोळे देत होती. मध्येच म्हणाली, "ताय, गलंल का गो?"

"आधी भरू दे तरी."

"नाय, पन गलंल का?"

मी उत्तर दिलं नाही. माहीत नव्हतं.

वाफे भरून झाले तेव्हा दीड वाजला असेल. शेजारणीने चार वडे आणि काळ्या वाटाण्यांची आमटी पाठवली. आम्ही दोघी सेंट्रिंगच्या टेकूंमध्ये, स्लॅबच्या खाली, सावलीत बसून जेवलो. आमच्या डोक्यावर पाणी होतं आणि ते खाली येत नव्हतं. एवढं तरी.

तीनच्या सुमाराला मोटरसायकल आली. पुढे माझा मुलगा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर रिबिनीचा बिल्ला. मागे मिस्त्री, त्याच्याही छातीवर बिल्ला, मांडीवर लाडवांचा बॉक्स.

"मावशी, कामगार दिनाच्या शुभेच्छा!" मुलगा म्हणाला आणि मला बघून थांबला. "आई, तू इथे?"

"भाषण कसं झालं?"

"मस्त झालं. टाळ्या पडल्या. आई, हे काय, तुझी साडी सगळी चिखलाने..."

मिस्त्रीला समजलं. तो बॉक्स ओट्यावर ठेवून सरळ शिडी चढला. वरून त्याचा आवाज आला, "आवं आजी, मातीचे बांध? मी उद्या सकाळी मसाल्याचे घातले असते की."

"उद्या दोन तारीख. तुझ्या स्लॅबला तारीख वाचता येते का?"

"तसं न्हाई, पर एक दिवसानं काय हुतंय..."

"मागच्या खोलीवर जा. गुडघ्यावर बस. बघ."

तो गेला. वाफ्यातलं पाणी हाताने बाजूला करून वाकून बघत बसला. खाली आला तेव्हा बिल्ला काढून खिशात ठेवलेला होता.

"आजी, चुकलं. मला वाटलं, मावशी हाईत घरी."

"पाणी मारणं हे काम नाही, असं वाटलं."

"तसं न्हाई..."

"तसंच. तुझ्या माणसांत काल गवंडी होते, बिगारी होते, सळईवाला होता. सगळ्यांना सुट्टी दिलीस. पाणीवाली नव्हतीच, तर सुट्टी कोणाला देणार?"

मुलगा म्हणाला, "आई, त्याला का बोलतेस? मी बोलावलं होतं त्याला."

"तुलाच बोलते आहे. तो मध्ये उभा आहे म्हणून त्याला लागतंय."

मग माझा मुलगा वर चढला. इतकी वर्षं कामगारांचं बोलतो, पण ओल्या स्लॅबवर पाय कसा ठेवायचा ते त्याला माहीत नव्हतं. तो एका बांधावरच उभा राहिला. मी खालून ओरडले. तो बाजूला झाला. नऊ चौकोनांत पाणी उभं होतं आणि त्याचे बूट त्याच्या हातात होते. म्हणाला, "आई, हे तू केलंस? वर कशी चढलीस?"

"तुझ्या वेळेला सातव्या महिन्यापर्यंत चढत होते. आता तर रिकामीच आहे."

बहीण हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. मुलाने खिशातून मोबाइल काढला आणि वाफ्यांचा फोटो घ्यायला लागला. ग्रुपवर टाकतो म्हणाला, कामगार दिनाचा खरा फोटो हा आहे. मी बादली वर सरकवली. "मागचे दोन वाफे आटलेत. फोटो नंतर."

"आई, पण आज..."

"आज काय?"

तो "सुट्टी" म्हणाला नाही. बादली घेतली. शेजाऱ्याची टाकी केव्हाच रिकामी झाली होती, म्हणून मुलगा आणि मिस्त्री मोटरसायकलवर कॅन बांधून फाट्यावरून पाणी आणत बसले, सहा खेपा. पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते सुनेने मला नंतर सांगितलं, फार रागाने. सून सहसा माझ्याशी अशी बोलत नाही. त्या शर्टावरून का होईना, तिला राग आला हे मला बरं वाटलं; धुणं तिच्याच अंगावर पडलं होतं.

मी त्या दिवशी घरी गेले नाही. पुढचे चौदा दिवस बहिणीकडे राहिले. तिचा गुडघा दुसऱ्या दिवशी भोपळ्याएवढा झाला, ती शिडीला हातसुद्धा लावू शकत नव्हती. मिस्त्री दोन तारखेला आला, भेगांमध्ये सिमेंटचं पाणी सोडलं, माझे मातीचे बांध मोडायला निघाला. मी मोडू दिले नाहीत. त्यातून एक थेंब गळत नव्हता. मग त्याने तसेच ठेवले आणि रोज कामावर जाताना पाच मिनिटं येऊन पाइप वर बांधून द्यायला लागला. मुलगा रविवारी यायचा. एका रविवारी त्याने स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं आणि नंतर तासभर पालथा पडून राहिला. म्हणाला, "आई, हे रोज करायचीस?" मी म्हटलं, रोज नाही. काही दिवस दोन बिल्डिंगा असायच्या.

पुढच्या वर्षी भाषणात पाणीवाल्या बायांना घालणार आहे म्हणतो. घाल म्हटलं. भाषणात घालायला पाणी लागत नाही.

त्या दिवसाबद्दल माझं काही वाकडं नाही. आठ तासांसाठी माणसं मेली, त्यांना मान द्यायलाच हवा. पण मान देणाऱ्याने आधी घरात फिरून बघावं, आज आपण जे बंद ठेवतो आहोत ते कोणाच्या अंगावर पडणार आहे. बहिणीच्या शेजारणीने त्या दिवशी, सगळ्यांना सुट्टी म्हणून, दोन किलोचे वडे तळले. तिला कोणी बिल्ला लावला नाही आणि लावला असता तर तिने तो तेलात टाकला असता.

तीन आठवड्यांनी मिस्त्रीने सेंट्रिंग खोललं. एकेक टेकू काढताना बहीण दाराबाहेर उभी होती, आत येईना. सगळं निघालं, स्लॅब उभा राहिला. मिस्त्रीने हातोडीने खालून ठोकून बघितलं, आवाज बरा आला. पुढची खोली स्वच्छ. मागच्या खोलीत, गॅसच्या वरती, थाळीएवढा ओलसर डाग होता. चौदा दिवसांचं पाणी त्या रेघेतून हळूहळू उतरलेलं.

मिस्त्री म्हणाला, "वरनं वॉटरप्रूफिंग करून देतो आजी, माझ्याकडनं. बसंल."

तो गेल्यावर बहीण आत आली. मान वर करून बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली.

"गलंल का गो, ताय?"

या वेळेला मी उत्तर दिलं. "गलंल. थोडा. पिठाचा डबा तिथं ठेवू नको."

तिने मान हलवली आणि डबा कुठे ठेवायचा ते बघायला लागली.